आवक-जावक

तीन पत्रं लागतात.
प्राध्यापक व्हायचं तर तीन अनोळखी माणसांनी
तीन बंद लिफाफ्यांत लिहून द्यावं लागतं
की होय, या बाईला खरंच काही कळतं.

मी लासिसी. इबादानमधल्या एका विद्यापीठाच्या
रजिस्ट्रीतला कारकून.
आवक-जावकाची वही एकोणीस वर्षं माझ्याच अक्षरात.

डॉक्टर मोरेनिके फादाहुन्सींची फाईल
माझ्या टेबलावर आली तेव्हा हिरवी होती,
नाडीसुद्धा कडक.
विषय : चवळीतला भुंगेरा.
तो दाण्यावर बाहेरून अंडं चिकटवतो,
अळी आतून पोखरत राहते,
आणि दाणा वरून अगदी सुखरूप दिसतो.
हे मला त्यांनीच सांगितलं,
फाईलची चौकशी करायला आल्या होत्या तेव्हा.
पहिल्यांदा.

नंतर महिन्याला एकदा यायच्या.
पहिलं पत्र आलं सात महिन्यांनी, दुसरं संपानंतर.
तो संप आठ महिन्यांचा.
पगार नव्हता, प्रयोगशाळेत वीज नव्हती,
म्हणून भुंगेरे बोर्नव्हिटाच्या बरण्यांत घालून
तोंडाला मलमलीचा तुकडा बांधून
बाईंनी घरी नेले, जेवणाच्या टेबलावर ठेवले.
नवरा म्हणाला म्हणे,
लोक चवळीतले किडे काढून टाकतात, तू पाळतेस.

मधल्या काळात नियम बदलला.
आता शोधनिबंध परदेशात छापलेले हवेत.
छपाईची फी त्यांच्या चार पगारांएवढी, तीही डॉलरमध्ये,
आणि डॉलर रोज सकाळी उठतो तो थोडा वाढूनच.
बाईंनी गाडी विकली.
निबंध छापून आला, नावात एक अक्षर चुकलेलं.
समितीने विचारलं : ही व्यक्ती आपणच, हे कशावरून?
प्रतिज्ञापत्र. शिक्का. माझ्या वहीत एक नोंद.

जावकाचा रकाना मात्र त्यांच्या नावाने भरून वाहायचा :
केहिंदेसाठी शिफारसपत्र, टोरांटो.
इयाबोसाठी, लीड्स.
सतरा मुलं त्यांच्या पत्रांवर गेली.
तिसरं पत्र तेवढं येईना.
प्राध्यापकाला सत्तरीपर्यंत खुर्ची, इतरांना पासष्ट.
बाई चौसष्टच्या झाल्या.
दारातूनच भुवई उंचावायच्या, मी मान हलवायचो.
बोलणं केव्हाच संपलं होतं.

गेल्या हरमॅटनमध्ये, धुळीने खिडकी पिवळी झालेली,
मी मेलेल्यांच्या फायली आवरायला घेतल्या.
फादायरो, भूगर्भशास्त्र. दोन वर्षांपूर्वी गेले.
त्यांच्या फाईलमध्ये एक बंद लिफाफा.
आत चवळी.
शिक्का चार वर्षांपूर्वीचा.
वर लाल शाईत फाईल क्रमांक,
सातचा एक झालेला.
अक्षर माझं.

मी दार लावून घेतलं.
फाडून टाकता आलं असतं. खोटं कशाला बोलू,
खालच्या मजल्यावर कागद जाळायचा पिंप आहे
आणि मलाही मुलं आहेत.

संध्याकाळी त्यांच्या खोलीत गेलो, उभाच राहिलो.
सगळं सांगितलं, क्रमांकासकट.
त्यांनी शिवी दिली नाही. ती दिली असती तर
मला बसता आलं असतं.
चष्मा शोधला. डोक्यावरच होता.
दोन पानं वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

'हा म्हणतो, तिसऱ्या निबंधातल्या तक्त्यात
एका ओळीचं तापमान चुकलंय.'
कपाटातून जुनी वही काढली,
बोट फिरवत फिरवत खाली आल्या.
'चुकलंय खरंच.'

मग कितीतरी वेळ त्या ओळीवर बोट तसंच.
'लासिसी,' त्या म्हणाल्या, 'कोणीतरी तक्त्यापर्यंत वाचलं.'

बरणीत काहीतरी टकटकत होतं.
निवृत्तीला एकेचाळीस दिवस होते,
समितीची बैठक साठ दिवसांनी.

वहीत मी त्या दिवशी आवक लिहिली.
तारीख कोणती घालायची, ते अजून ठरलेलं नाही.